गळ्यातला की खिशातला?

२ मार्च

आज हे गळ्यात साखरेची पिशवी अडकवून घरभर फिरले! मिररलेस कॅमेरा लेन्ससकट साधारण एवढाच भरतो म्हणे, मान दुखते का ते बघत होते. पिशवीला नाडी माझ्याच शिवणाच्या डब्यातली, न विचारता घेतलेली.

"अहो, मुंग्या लागतील."

"हसू नकोस. नात येणार आहे. वस्तू घ्यायची तर पारखून घ्यावी."

पारखून! महिना झाला पारख चाललीय. घरात दोनच विषय – गळ्यातला की खिशातला. गळ्यातला म्हणजे मिररलेस. आत आरसा नाही म्हणून मिररलेस. (घरात आहे तो आरसा तरी कधी पुसतात का!) लेन्स बदलता येते, अंधुक उजेडातही फोटो चांगले, डोळा लावून बघायची बारीकशी खिडकी. खिशातला म्हणजे अल्ट्राकॉम्पॅक्ट. साबणाच्या वडीएवढा, शर्टाच्या खिशात मावतो, बटण दाबलं की लेन्स कासवाच्या डोक्यासारखी बाहेर येते. मागे पडदा, त्यात बघायचं आणि काढायचं. झालं.

मी सांगून टाकलं, खिशातला घ्या. बाळाला कडेवर घ्यायचं की गळ्यात धोंडा बांधायचा?

ह्यांनी साखर डब्यात ओतली – निम्मी ओट्यावर.

४ मार्च

लेक पंधराला येतेय. बाळ सहा महिन्यांचं झालं, आम्ही अजून फोनच्या पडद्यावरच पाहतोय. त्यातही हे फोन नाकाशी नेतात, मग तिकडून लेक ओरडते, "बाबा, मला तुमचा फक्त कान दिसतोय!"

सोळा ब्लाउज आणि एका शाळेचे गणवेश शिवायचे आहेत. ती यायच्या आत सगळं हातावेगळं करायचं.

५ मार्च

भांडण. सुयांवरून.

माझी जवळची नजर कधीच गेली. चष्मा लावूनही सुईचं नाक सापडत नाही. म्हणून लग्न झाल्यापासून... नाही, लग्नानंतर काही वर्षांनी असेल, तेव्हापासून रोज सकाळी चहा झाला की हे भिंग डोळ्याला लावून माझ्या सगळ्या सुया ओवून ठेवतात. पांढरा, काळा, निळा, दिवसभर लागतील तेवढ्या. घड्याळं दुरुस्त करणारा माणूस, त्याला सुई म्हणजे काय! केसाएवढे स्क्रू फिरवलेत त्यांनी जन्मभर. मैत्रिणी म्हणायच्या, तुझा नवरा सोनं देत नसेल पण सुया ओवून देतो.

हल्ली टाळाटाळ. आज म्हणाले, "कॅमेऱ्याचं वाचतोय ना." मी म्हटलं, मग कॅमेराच शिवेल आता गणवेश. रागाने चहा गार झाला दोघांचा.

बाजारातून ते सुई ओवायचं पत्र्याचं यंत्र आणलं. चालतं. पण मजा नाही.

६ मार्च

ह्यांच्याबरोबर कॅमेऱ्याच्या दुकानात गेले. एकदाचा सोक्षमोक्ष लावावा म्हणून.

कॅमेरावाला पन्नाशीचा, टकला, मिशी मात्र झुपकेदार. ह्यांना बघताच खुर्ची पुढे केली, "या काका" – घरच्यासारखं. न मागता मोठा कॅमेरा हातात दिला. ह्यांनी डोळ्याला लावला आणि दारात जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. किती वेळ! मला वाटलं झोप लागली की काय उभ्या उभ्या.

"काय दिसतंय एवढं?"

"समोरच्या गच्चीवर एक बाई गाद्या वाळत घालतेय. हिरव्या फुलांच्या."

मला तर साध्या डोळ्यांनी दिसत होत्या त्या गाद्या.

मग कॅमेरावाल्याने आवाजाचं सांगितलं. ह्यात बटण दाबलं तरी आवाज येत नाही, बाळ झोपलेलं असलं तरी जागं व्हायचं नाही. हा मुद्दा मला पटला. पण खिशातला हातात घेऊन पाहिला, किती हलका! एका हाताने फोटो निघाला. ह्यांनी तो नुसता उलटसुलट केला आणि काउंटरवर ठेवला. विचारलं तर म्हणे, "बघतो अजून."

एक गंमत दिसली. मोठा कॅमेरा हे डाव्या डोळ्याला लावतात. भिंग तर कायम उजव्या डोळ्यात बसलेलं असायचं – उजव्या भुवईखाली अजून वळ आहे त्याचा. विचारलं. म्हणाले, "निवृत्त झालाय उजवा. माझ्याबरोबर."

९ मार्च

घेऊन टाकला! मीच. खिशातला. एकटीच गेले, कॅमेरावाला जेवायला गेला होता, त्याच्या बायकोने बांधून दिला. म्हटलं ह्यांच्या भरवशावर राहिले तर नात शाळेत जाईल तरी पारखच चालेल.

जेवताना ताटाशेजारी ठेवला. ह्यांनी चाचपला. मग म्हणाले, "छान केलंस गं." आणि उचलून डोळ्याला लावला!

मी हसून हसून बेजार. "अहो, त्याला खिडकीच नाहीये! मागे बघायचं!"

तेही हसले. माझ्यानंतर जरा.

११ मार्च

ह्यांनी माझे फोटो काढले. मशीनवर बसलेली मी – डोकं नाही. चहा गाळणारी मी – डोकं नाही. एकात तर नुसतं कोपर आणि अख्खं कपाट. कॅमेऱ्याच्या पडद्यावरून फोनने टिपून तिन्ही फोटो लेकीला पाठवून दिले, "तुझ्या बाबांच्या मते माझ्यात बघण्यासारखं एवढंच उरलंय." तिने हसण्याची चित्रं पाठवली. मग थोड्या वेळाने फोन केला. "आई, बाबा बरे आहेत ना?"

"त्यांना काय धाड भरलीय?"

पण फोन ठेवल्यावर मन लागेना. बटणाची काजं उलट्या बाजूला केली, उसवावी लागली.

१२ मार्च

शिवण बाजूला ठेवून दुपारीच लिहायला बसले.

सकाळी दुकानात गेले. पडद्यावर अक्षरं मोठी करता येतात का एवढंच विचारायचं होतं. कॅमेरावाल्याने माझ्या हातातला कॅमेऱ्याचा डबा उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाला, "काकू, हा तुम्ही नेलात? मी असतो तर दिला नसता. काकांना डोळा लावायला खिडकी हवी ना. त्यांना ह्या मागच्या पडद्यावरचं दिसत नाही."

मी म्हटलं, दिसत नाही म्हणजे?

तो चपापला. मला ठाऊक असणार असं धरून चालला होता बिचारा. "मोठ्याच्या खिडकीत चित्र हवं तेवढं मोठं करून बघता येतं. बाहेरचा उजेड मध्ये येत नाही. काका बऱ्याच दिवसांपासून येतात. डोळ्याला लावतात, रस्ता बघतात, परत देतात. मी काही विचारत नाही. बसा ना काकू. पाणी आणू?"

घरी कशी आले माहीत नाही. दाराबाहेर चपला काढल्या. हे खुर्चीत बसले होते, तोंड दाराकडे. मी उंबऱ्यात उभी राहिले आणि बोलले नाही. मुद्दामच. देवा, असं कोणी करू नये.

हे सरसावून बसले. शर्ट नीट केला. आणि अगदी अदबीने विचारलं, "कोण पाहिजे आपल्याला?"

मला!

मग त्यांना कळलं कोण ते. रडण्यावरून.

संध्याकाळी

सगळं सांगितलं त्यांनी. वर्षापूर्वी उजव्या डोळ्यात मधोमध डाग आला. कडेचं दिसतं, पण नेमकं जिथे बघावं तिथे धुरकट. म्हणून दुकान बंद केलं – आणि मला म्हणाले होते कंटाळा आला! मी तेव्हा हजार लोकांना सांगितलं, चांगलं केलं; ह्यांनाही आराम करा म्हटलं. आता चार महिन्यांपासून डावाही तसाच होत चाललाय. माणसं चालीवरून, आवाजावरून ओळखतात. मी चपलांवरून कळते. सुईचं नाक तर राहोच, सुईच दिसत नाही.

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर मशीन बंद करून माझं बोट धरून बसली असतीस."

बसले असते. खरं आहे ते. पण राग आला, अजून आहे. एवढ्या वर्षांच्या संसारात मला चपलांचा आवाज करून टाकलं आणि पत्ता लागू दिला नाही!

मग हळूच म्हणाले, "बाळाचं तोंड मला फोनवर दिसलेलंच नाही गं. एक गुलाबी ठिपका दिसतो. तुम्ही म्हणता गोड आहे, मी म्हणतो हो."

१३ मार्च

डोळ्यांचे डॉक्टर. वय कमी आहे, पण बोलतात मायेने. ह्यांच्याशीच बोलले, माझ्याकडे बघून नाही, ते आवडलं. जे गेलं ते परत येणार नाही. डावा डोळा इंजेक्शनांनी थोपवून धरता येईल. किती दिवस, ते सांगता येत नाही. आधी यायला हवं होतं असं म्हणाले नाहीत. ते मी रस्त्यात म्हटलं. दोनदा.

हे म्हणाले, "कॅमेरा राहू दे आता. आंधळ्याच्या गळ्यात कॅमेरा, लोक हसतील."

"हसू देत. साखरेची पिशवी घालून फिरलात तेव्हा नाही सुचलं?"

तिथूनच दुकानात. कॅमेरावाल्याने खिशातला परत घेतला, वापरलेला असूनही. मोठा दिला. खिडकीशेजारचं चाक ह्यांच्या डोळ्याला जुळेपर्यंत स्वतः बसून फिरवलं. चित्र मोठं करायचं बटण कुठलं ते कळावं म्हणून मी घरी आल्यावर त्यावर सुती दोऱ्याची गाठ चिकटवली. बोटाला लागते.

दोन्ही कॅमेऱ्यांची तुलना मी करायला बसले असते तर अजूनही खिशातलाच जिंकला असता. हलका, सुटसुटीत, घरच्या बाईच्या मनासारखा. पण त्यात डोळ्यांना जागाच नाही. माझ्या ते ध्यानातच आलं नाही – मला दिसतं ना!

१५ मार्च

आले! लेक वाळलीय. बाळ जाडजूड, टकलं, कॅमेरावाल्यासारखं – फक्त मिशी नाही.

लेकीला दारातच सांगितलं. ती बाबांच्या गळ्यात पडून रडली. हे म्हणाले, "पुरे, पुरे, उजेड जातोय. बाळाला खिडकीशी धर."

कॅमेरा डाव्या डोळ्याला लावला. गाठ सापडली. कोपरं पोटाशी घट्ट, श्वास धरलेला – थेट दुकानातली बैठक! वर्षभर बघितली नव्हती मी ती. बाळाने कॅमेऱ्याच्या नाडीला हात घातला. हे हलले नाहीत.

मग म्हणाले, "हिला भुवया आहेत की! बारीक, सोनेरी. आणि जिवणी... अगं, जिवणी तुझ्या आईची."

लेक तोंड फिरवून उभी राहिली. मी चहा टाकायला गेले आणि चहा टाकलाच नाही.

१९ मार्च

दिवसभर तेच. बाळ झोपलं तरी हे कॅमेरा लावून बसलेले, जागं झालं तरी बसलेले. आंघोळ, जांभई, पायाचा अंगठा. आवाज नाही म्हणून बाळाला पत्ताच नसतो. लेक म्हणते, "बाबा, दहा हजार तरी झाले असतील ना फोटो?" हे म्हणतात, "असतील."

मानेला तेल लावून दिलं. दुखते म्हणून कबूल करत नाहीत.

आज मला म्हणाले, "सुया आण बरं." कॅमेऱ्यातून बघून ओवणार! जमलं नाही, हात दोनच ना. बाळाने रीळ पळवलं. खूप हसलो. कितीतरी दिवसांनी.

२३ मार्च

डाव्या डोळ्याला पहिलं इंजेक्शन. लेक बरोबर गेली होती. मी घरी बाळापाशी. मला तिथे धीर झाला नसता.

२७ मार्च

लेक गेली. घर खायला उठलंय.

निघताना बजावून गेली, "आई, बाबांचे सगळे फोटो आज-उद्यात पाठव हं. वाकडेतिकडेही." हे दारात उभे होते, कॅमेरा डोळ्याला, गाडी वळेपर्यंत. मग खाली घेतला.

कार्ड कॉम्प्युटरला कसं लावायचं ते कॅमेरावाल्याला विचारून आले. उद्या बसते.

२८ मार्च

कार्ड कोरं आहे. एकही फोटो नाही! दोनदा लावून पाहिलं.

"अहो, बटण दाबलंतच नाही का?"

"दाबलं की चित्र क्षणभर थांबतं गं. तेवढा वेळ कशाला घालवू? हलत होती, हसत होती. बघत होतो मी."

लेकीला काय ते मी सांगीन. मशीन बंद केलं, केस विंचरले. खिडकीशी उजेडात स्टूल ओढून बसले. म्हटलं, घ्या तो कॅमेरा. आता इकडे बघा.