टेंभुर्णीची पाटीबारस

नाना,

आज मार्गशीर्ष वद्य द्वादशी. सकाळी लवकर पारणं केलं, तुळशीला पाणी घातलं आणि सून दळण आणायला गेलीय तेवढ्यात लिहायला बसले. कागद म्हणाल तर जुन्या दिनदर्शिकेची पाठकोरी पानं आहेत. पाठकोरं पान फेकायचं नाही ही सवय तुमचीच. शाळांच्या हजेरीचा महिन्याचा तक्ता वर पाठवायच्या आधी तुम्ही तो कच्चा लिहून काढायला मला द्यायचात, तोही सदा असल्याच कागदावर. "पक्का कागद सरकारचा, कच्चा आपला," असं म्हणायचात. तेव्हा मी बारा-तेरा वर्षांची. माझं अक्षर तुमच्यापेक्षा गोल होतं म्हणून ते काम माझ्याकडे आलं, की मुलीनं चुलीपुढून उठून काहीतरी लिहावं असं तुमच्या मनात होतं, हे मी कधी विचारलं नाही. पुढे मॅट्रिक झाले ते त्याच तक्त्यांच्या जोरावर, एवढं मात्र खरं.

गडबडीचं ते साल मला आठवतं ते घंटेच्या आवाजानं. भोकरदनपासून जाफराबादपर्यंतच्या शाळा तुमच्या हाताखाली होत्या. शाळा तपासणारे म्हणून लोक तुम्हाला नाझिरसाहेब म्हणत आणि आई चिडली की तीही म्हणायची. संस्थान राहतंय की जातंय हे कुणालाच कळत नव्हतं. रोज नवी बातमी यायची, रोज कुणीतरी बैलगाडीत भांडीकुंडी भरून सीमेपल्याड वऱ्हाडात जायचं. वर्गात आज तीस मुलं, तर उद्या अकरा. तुम्ही एकेका शाळेत पायी जायचात आणि सगळ्या मास्तरांना एकच सांगायचात, "पोरं दोन असू द्या, पण घंटा बराबर वेळेवर वाजली पाहिजे. गावाला घंटा ऐकू आली की गावाला वाटतं, आपण अजून इथंच हाओत." एखाद्या गुरुजींना बायकापोरं पल्याड सोडायची असली की त्याच शाळेतले उर्दूचे मौलवीसाहेब दोन्ही वर्ग धरायचे, आणि मौलवीसाहेबांना घरी जायचं असलं की गुरुजी. ही जोडी तुम्ही लावून दिलेली. केदारखेड्याचे मौलवीसाहेब मराठीचं पुस्तक हातात धरून 'कमळ' असं काही म्हणायचे की पोरं हसून लोळायची, आणि ते म्हणायचे, "हंसो बेटा, हंसो, मगर कल आना." पोरं दुसऱ्या दिवशी यायची, नाना. ते 'कमळ' ऐकायलाच यायची.

आई म्हणायची, "सगळं गाव पल्याड गेलं, माझा भाऊ चिखलीहून चिठ्ठीवर चिठ्ठी धाडून राह्यला, आन् आपण इथं घंटा मोजत बसलोय." तुम्ही भाकरी मोडत म्हणायचात, "मी गेलो तर मास्तर जातील. मास्तर गेले तर शाळा जाईल. मंग परत येऊन मी करू काय, तुझं दळण?" "करा ना," आई म्हणायची, "हात तर दुखतील, डोकं तरी थांबंल." मी चुलीपुढं बसून हसू दाबायची. भीती होती, पण त्या स्वयंपाकघरात ती फार वेळ टिकत नसे.

मग वरून तो हुकूम आला. ज्या शाळेत मुलं कमी आणि जी महिन्यात तीन दिवसांपेक्षा जास्त विनाकारण बंद राहील, ती खारिज. खारिज म्हणजे नावच कटलं. मास्तरची बदली, पेटी आणि घंटा जमा. तुम्ही तो कागद दोनदा वाचलात आणि म्हणालात, "एकदा खारिज झालेली शाळा परत उघडत न्हाई, बाई. मी तरी पाह्यली न्हाई." पण हुकमात एक फट होती. गावच्या सणावाराची सुट्टी बंद धरायची नव्हती. त्या दिवसापासून माझं पंचांग सरकारी कामाला लागलं. तुम्हाला तिथी-वारातलं ओ का ठो कळत नव्हतं. अमावस्या कधी हे चंद्राकडं बघून सांगणारे तुम्ही. आईबरोबर सगळी व्रतं मी करायची, म्हणून तुम्ही मला विचारायचात, "बाई, या पंधरवड्यात काय काय बसतं?" आणि मी सांगायची. एकादशी, प्रदोष, चंपाषष्ठी, अमक्या गावची जत्रा. मौलवीसाहेबांकडून उरूस यायचा. सगळं खरं. तुमची अटच होती ती.

खरेपणाची तुमची अट मी आधीच एकदा अंगावर घेतली होती. केदारखेड्याची हजेरी एकोणीस आली होती आणि मी वीस लिहिली. वीस दिसायला बरी दिसते, एवढंच माझ्या मनात होतं. तुम्ही आवाज चढवला नाहीत. तक्ता हातात घेतलात, उभा फाडलात, आडवा फाडलात आणि माझ्यापुढं नवीन कागद ठेवलात. "पोरगं बसलं न्हाई तर बसलं न्हाई. सरकारी कागदावर माझी सही असती, बाई. खालची सही खरी आन् वरचं खोटं, असं चालत न्हाई." सगळ्या शाळांचा तक्ता मी पहिल्यापासून लिहिला. डोळ्यांतलं पाणी कागदावर पडू नये म्हणून मान वर धरून लिहिला.

आता टेंभुर्णी. तिथले मौलवीसाहेब त्या महिन्यात हिवतापानं अंथरुणाला खिळलेले, म्हणजे जोडी मोडली होती. मास्तर म्हातारी आई आणि बाळंतीण बायको यांना पल्याड पोचवायला गेले, ते तीन दिवसांत परत येतो म्हणून. वाटेत गाडीचा आस मोडला आणि त्यांना चौथा दिवस लागला. तो चौथा दिवस म्हणजे ही द्वादशी. बिचारे आले ते थेट आपल्या घरी आले, पायावर धुळीचा थर, आणि म्हणाले, "साहेब, मी खोटं सांगणार न्हाई. चार दिवस कुलूप होतं." तुम्ही म्हणालात, "सांगूच नका." त्यांना जेवायला वाढलं, ते गेले, आणि तुम्ही ताटावर तसेच बसून राहिलात. पिठलं गार झालं. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणालात, "गेली टेंभुर्णी."

नाना, मी तुम्हाला तसं कधी पाहिलं नव्हतं. त्या शाळेचा पहिला फळा तुम्ही स्वतः खांद्यावर घेऊन गेल्ता, हे आई आम्हाला गोष्टीसारखं सांगायची. तुम्ही माझ्याकडं पाहिलंत, आशा अशी नव्हतीच, नुसतं विचारायचं म्हणून विचारलंत, "बारशीला काही असतं का गं?" आणि मी म्हणाले, "हो." म्हणाले, आणि मग काय असतं ते शोधायला लागले. समोर कोनाड्यात माझी पाटी होती. "पाटीबारस," मी म्हणाले.

"पाटीबारस? काय करतात?"

"पाटी धुवायची. हळदकुंकू वाहायचं. त्या दिवशी तिच्यावर लिहायचं न्हाई, तिला विसावा."

"माझ्या आईनं कधी केली न्हाई ती."

"तुमची आई कधी शाळेत गेल्ती?"

तुम्ही हसलात. मोठ्यानं हसलात, गार पिठलं संपवलंत, आणि त्या महिन्याच्या तक्त्यात टेंभुर्णीपुढं माझ्याच गोल अक्षरात लिहिलं गेलं, बंद तीन दिवस, मुकामी, म्हणजे गावची, सुट्टी एक दिवस, पाटीबारस. खाली तुमची सही. आई चुलीशी होती. तिला तर सगळ्या बारशी तोंडपाठ. तिनं माझ्याकडं नुसतं पाहिलं आणि तव्यावरची भाकरी उलटली. त्यावर ती जन्मात एक शब्द बोलली नाही.

देवाची क्षमा मी त्याच संध्याकाळी दिवा लावताना मागितली. देवाचं एक बरं असतं, त्याच्यापुढं तक्ता ठेवावा लागत नाही. पण महिन्याभरात औरंगाबादेहून मोठे साहेब मुआयन्याला, म्हणजे तपासणीला, आले. तक्ता चाळता चाळता त्यांचं बोट तिथंच थांबलं. "नाझिरसाहब, ये पाटीबारस क्या होती है?" तुम्ही छाती काढून सांगितलंत, पाटीचा सण आहे हुजूर, टेंभुर्णीकडं पाळतात. "चलिए, देखते हैं." मी हट्ट धरला, मलाही न्या, तिथल्या मारुतीला जायचंय. खरं तर मला वाटत होतं की तुमची मान खाली जाईल तेव्हा मी तिथं असावं, म्हणजे चूक कुणाची ते मला ओरडून सांगता येईल.

मारुतीच्या देवळामागची ती दोन खणांची शाळा मला आत्ता समोर दिसतेय. साहेब खुर्चीवर, तुम्ही बाजूला उभे, मास्तर फळ्याशी, नऊ पोरं जमिनीवर. साहेब विचारतात, "पाटीबारस कौन कौन करता है?" पोरं एकमेकांकडं बघतात. मास्तर छताकडं बघतात. साहेब तुमच्याकडं बघतात आणि तुमच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू जायला लागतं. मी दाराशी उभी, तोंड उघडलेलं, आता बोलणार. माझ्या शेजारी उंबऱ्यावर एक धनगराची म्हातारी बसलेली, नातीला पोचवायला आलेली, हातात काठी. तिनं एकदा माझ्या तोंडाकडं पाहिलं, एकदा तुमच्या, आणि काठी टेकत उठली.

"करतो ना साहेब. आमी सगळे करतो."

"तुम करती हो? लिखना आता है?"

"मला कुठं येतंय. पाटी नातीची, पूजा माझी. नैवेद्य बी दावतो."

"किस चीज़ का?"

"ज्या साली जे असंल ते. मेंढ्या व्याल्या आसल्या तर दुधाचा, न्हाई तर नुस्तं पाणी. पाटी काय रागवती का?"

"और ये कब से है?"

"म्या सून होऊन आल्ते तवापून हाय. त्येच्या आदीचं ठावं न्हाई." मास्तरांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तशी ती त्यांच्यावरच उलटली, "मास्तर परगावचे. त्यांस्नी काय ठावं आमच्यातलं?"

साहेबांनी शाळेचं बुक पुढं ओढलं. मग म्हणाले, "सुभानअल्लाह, तख्ती का भी त्योहार," आणि त्यात शेरा लिहिला, मदरसा जारी रहे. शाळा चालू राहावी. तुम्ही माझ्याकडं वळून जे पाहिलंत ते मी अजून जपून ठेवलंय. बघ, तुझं ज्ञान किती पक्कं, असं होतं त्या बघण्यात. मी हात जोडले, तुम्हाला वाटलं साहेबांना जोडले. सगळे बाहेर पडल्यावर म्हातारीनं मला काठीनंच अडवलं आणि हळूच विचारलं, "का गं पोरी, ही पाटीबारस असती तरी कवा? पुढल्या साली चुकाया नको."

मी तिला तिथी सांगितली. आणि नाना, ती चुकली नाही. पुढल्या मार्गशीर्षापर्यंत संस्थान गेलं होतं, माणसं पल्याडहून परत आली होती, वर्ग भरला होता, आणि टेंभुर्णीच्या पोरांनी ओळीनं पाट्या धुऊन देवळाच्या पायरीवर वाळत घातल्या होत्या. म्हातारीनं लोटीभर दूध आणलं होतं. तुम्हाला मानानं बोलावलं होतं. तुम्ही निवृत्त होईपर्यंत दर साली जात राहिलात, आणि निरोपाच्या समारंभात भाषणाला उभे राहिलात तेव्हा म्हणालात की कठीण काळात शाळा हुकमानं टिकत नाहीत, गावच्या जुन्या रीतींनी टिकतात, उदाहरणार्थ टेंभुर्णीची पाटीबारस. मी बायकांच्या बाजूला बसले होते. आईनं माझ्या मांडीला असा चिमटा काढला की दोन दिवस वळ होता.

तुमच्या शेवटच्या आजारात सांगावं असं कितीदा मनात आलं. तुमच्या उशाशी बसून मी शब्द जुळवायची आणि तुम्ही विचारायचात, "बाई, आज तिथी कोणती?" मी खरी तिथी सांगायची आणि तेवढ्यावर थांबायची. तुम्हाला समाधान होतं. ते मोडून मला काय मिळणार होतं?

माझं म्हणाल तर संसार नीट झाला. रोजचा जमाखर्च मी लिहिते, पण इतक्या वर्षांच्या वह्यांत दर साली या तिथीचं एक पान कोरं आहे. दुसऱ्या दिवशी दोन दिवसांचं एकदम लिहायचं. गेल्या साली सुनेनं विचारलं, "आई, हे व्रत कोणत्या पोथीतलं?" मी म्हणाले, "माझ्या माहेरचं." तिनं मान डोलावली आणि नातीची पाटी धुवायला घेतली. हल्ली पाटी नुसती नावाला आहे, नात लिहिते वहीतच, पण आमच्या घरात ती विकत आणून ठेवलीय.

आज पाटीबारशीला मी लिहितेय, म्हणजे नेम मोडला असं तुम्ही म्हणाल. पण पाटीवर लिहायचं नाही एवढंच मी तेव्हा ठरवलं होतं, कागदाचं काही बोलले नव्हते. आणि व्रत घडवलं मी, तेव्हा एका दिवसाची सूट मला असावी. हे कागद पंचांगात याच तिथीच्या पानाशी घडी करून ठेवीन. पाठवायचं कुठं?

तर सांगायचं ते एवढंच. तुमच्या सहीच्या वर एक शब्द खोटा होता, आणि तो माझा होता. आता समजलं आहे तर तुमच्या रीतीनं तक्ता उभा फाडा, आडवा फाडा, माझ्यापुढं नवीन कागद ठेवा. मी मान वर धरून सगळा पहिल्यापासून लिहीन. केदारखेड्याची हजेरी एकोणीसच लिहीन. पण टेंभुर्णीपुढं मी परत पाटीबारसच लिहिणार, नाना.