मेल्विन भावोजींचा चकचकीत डबा

मी, थेल्मा हाउगेन, वय अठ्ठ्याहत्तर, कै. आयनार हाउगेन यांची पत्नी, राहणार मोंटाना, देवाच्या कृपेने पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र लिहिते. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. धाकटे दीर मेल्विन रोज फोन करतात, ते दडपणात धरलेले नाही.

१. घर आणि बँकेतली शिल्लक, चर्चचा दहावा हिस्सा काढून, माझी लेक सॉल्वेग हिला.

२. लग्नातले चांदीचे चमचेही तिलाच. ते काळे पडले आहेत. आमच्या घरात चांदी काळी पडली आणि काडतुसांचे पितळ सोन्यासारखे राहिले, कारण चमच्याने हरिण पडत नाही, असे आयनार म्हणत.

३. आयनार यांनी हाताने भरलेली काडतुसे आणि बंदूक सॉल्वेगला. तिने ती त्यांच्याच पद्धतीने ठेवावीत. उघड्या हाताने धरू नयेत, घामाचे बोट उमटते. सुती कापडाने पुसून हवाबंद डब्यात ठेवावीत. (माझे उशीचे अभ्रे त्यातच संपले.) बुटांच्या खोक्यांतल्या ओल शोषणाऱ्या पुड्या मी जपून ठेवल्या आहेत, त्या डब्यात टाकाव्यात. कातडी पट्ट्यात काडतूस कधीही खोचून ठेवू नये, हिरवे पडते. भावोजींची तशीच पडली.

४. आता तो डबा. स्वतःची काडतुसे हिरवी पडल्यावर भावोजींनी आमचा एक भरलेला डबा "नुसता बघायला" नेला आणि आतल्या काडतुसांना वेदीवरचे पितळ घासायचे चर्चचे पॉलिश लावून परत आणला.

"वहिनी, बघा! दादाला जन्मात जमलं नसतं."

आयनार यांनी नुसता वास घेतला. "अरे मेल्या, यात अमोनिया आहे. पितळ ठिसूळ होतं त्यानं. बार उडवलास तर काडतुसाची पुंगळी फाटेल, तोंड भाजेल तुझं."

"जळतोस तू, दादा!"

आयनार यांनी डब्याला कुलूप घातले. त्यांना पुरून आलो, कॉफी अजून गरम होती, तर भावोजी म्हणाले, "वहिनी, दादा गेला. तेवढा डबा द्या आता, शिकारीचा मोसम आलाय." तेव्हापासून दर मोसमाला हेच.

देऊन टाकावा असे कधी मनात आलेच नाही, असे लिहिले तर खोटे होईल. आमचा लेफ्सा, म्हणजे बटाट्याच्या पोळ्या, भाजायचा तवा त्यांनी १९६१ साली नेला तो नेलाच. पण दर रविवारी मी त्यांच्या शेजारी उभी राहून स्तोत्रे म्हणते. त्या चेहऱ्याला काही व्हायला नको. डबा फेकून दिला, तर लपवला म्हणून सॉल्वेगच्या मागे लागतील.

म्हणून असे करावे. गावातल्या बंदूक दुरुस्तीवाल्याकडून प्रत्येक काडतुसाची गोळी, दारू आणि बुडाची ठिणगी पाडणारी टोपी काढून घ्यावी. रिकाम्या पुंगळ्या आडव्या धरून प्रत्येकीच्या पोटातून खिळा मारावा आणि ओकच्या फळीवर ओळीने ठोकाव्यात. ती फळी मेल्विन भावोजींना. एकही पुंगळी कमी नाही, हे त्यांनी मोजून घ्यावे.

फळी न्यायला येताना तवा आणावा.

आणि भावोजी, चकाकी गेली, तर ते पॉलिश चर्चच्या कपाटात उजवीकडे आहे. आता खुशाल लावा.

वरील मजकूर मी स्वहस्ते लिहून, वाचून, खालील दोघांसमक्ष सही केली. वाचताना पास्टर दोनदा हसले, तरी साक्ष ग्राह्य धरावी.

थेल्मा हाउगेन

साक्षीदार: पास्टर नॉर्मन ब्रेक्के, अर्डिस टोलेफसन, शेजारीण

मोंटाना, ९ ऑक्टोबर १९९४