समुद्रकिनारी तीन मजली, भाग्यश्रीसाठी

५ ऑक्टोबर २००८, रविवार

भाग्यश्रीला माहेरी, अमरावतीला, जाऊन आज एक्केचाळीस दिवस झाले. विश्रांतीसाठी गेली आहे. शिलाई मशीनही नेलं. विश्रांतीचा कंटाळा येणार, हे तिला आधीच ठाऊक असणार. परत कधी, ते विचारायचं राहून गेलं.

तिची तक्रार अशी की दोन वर्षं झाली तरी हडपसरच्या या फ्लॅटला घरपण नाही. खिडक्यांना वर्तमानपत्रं, जमिनीवर गादी, नवरा सदा कंपनीत. तिसऱ्या मुद्द्यात माझ्या हातात काही नाही. पहिले दोन मनावर घेतोय.

ऑफिसातल्या तालिबने परवा व्हर्च्युअल वर्ल्ड दाखवलं. कॉम्प्युटरच्या आत अख्खं जग. तिथला आपला माणूस म्हणजे अवतार. तो चालतो, उडतो, मॉलमध्ये जाऊन कपडे घेतो, फर्निचर घेतो. जमीनसुद्धा मिळते.

निश्चय: दिवाळीच्या आत तिथे बंगला. समुद्रकिनारी, तीन मजली. भाग्यश्रीने अमरावतीच्या नेट कॅफेत बसून तो बघायचा आणि बॅग भरायची.

७ ऑक्टोबर

काल किनाऱ्यावर जमीन आणि तयार बंगला घेतला, आज आत ठेवायला सोफा. मरून. दुकानात तीन तास गेले. ठेवला तर जमिनीत शिरला, नुसती पाठ वर. ओढला तर शेजाऱ्याच्या समुद्रात. शेजारी कॅनडाचा. कृपया सोफा हलवाल का, असा मेसेज आला. हडपसरला इतक्या गोड शब्दांत कोणी सांगितलं नसतं.

९ ऑक्टोबर

आज स्वतःसाठी खरेदी. लेदर जॅकेट. पिळदार पोट आयतं मिळतं. मॉलमध्ये वीस मिनिटं हिंडलो, भोवती गर्दी जमली. जॅकेटचा प्रभाव. नंतर लक्षात आलं, पँट घालायची राहिली होती. जॅकेट मात्र खरंच चांगलं आहे.

१२ ऑक्टोबर, रविवार

भाग्यश्रीचा अवतार मीच करून ठेवला. उंच, गोरी, केस कमरेपर्यंत. साडीही मिळाली. पदर हवेत आडवा ताठ उभा राहतो, पण समोर समुद्र आहे, वारा असणारच.

तालिब घरी आला होता. मी पडदे निवडत होतो, म्हणून चहा त्यानेच केला. म्हणाला, दिगंबर, खरे पडदे घे, खिडकीला लाव आणि उद्याच्या गाडीने जाऊन वहिनींना घेऊन ये. तालिबला व्हिजन नाही. तो आणि त्याची बायको मिसबा गेल्या रविवारी चादर घ्यायला गेले आणि अख्खा दिवस फिरून, चादर न घेता, भेळ खाऊन परत आले. वर हसत सांगतो.

१६ ऑक्टोबर

अमरावतीला फोन. सासरे महिपतराव बोलले. म्हणाले, भाग्यश्री कामात हाय जी, शिवण शिकाले बारा पोरी येतात आता. काही काम होतं काय?

जावयाला बायकोशी काय काम असणार! फोन धरून दोनदा नाक पुसलं. सर्दीच असावी, एसीची.

शेवटी ती आली फोनवर. शनिवारी संध्याकाळी नेट कॅफेत जा, म्हणालो. कशाला, एवढंच तिने विचारलं. सरप्राइज, म्हणालो. बरं, म्हणाली.

१८ ऑक्टोबर, शनिवार

चार वाजल्यापासून बंगल्याच्या दारात उभा. शेरवानी घातली. उजवा खांदा कापडातून बाहेर येतो, म्हणून डावीकडून दिसेन असा उभा राहिलो. सहाला तिचा फोन. लाइन गेली, कॅफे बंद.

२१ ऑक्टोबर

जेवण बिस्किटं. मॅनेजर म्हणाले, तुमचं लक्ष नाही, काही प्रॉब्लेम असेल तर सांगा. काही नाही म्हणालो. झोपाळा घेतला. उश्या चौदा. तुळस कुठेच मिळेना, वृंदावनात तूर्त निवडुंग लावलाय. तिच्या बाजूची गादी थंड लागते. हे वाक्य खोडायचं. झुंबर घेतलं.

२५ ऑक्टोबर, शनिवार

आली! पाऊण तास होती.

आधी विचारलं, ही बाई कोण? तू, असं मी टाइप केलं.  तिने लिहिलं, मला चष्मा लागून वर्ष झालं. उद्याच दुकानात शोधतो, म्हणालो.

तिन्ही मजले दाखवले. छान आहे, म्हणाली. मग विचारलं, जेवता का वेळेवर? नाही, असं लिहून गेलो. तू नसलीस की काहीच धड होत नाही, हेही. असं मी तिला कधी म्हटलं नव्हतं. पुढचं टाइप करण्याऐवजी झुंबर लावून दाखवलं.

ती म्हणाली, पाडव्याला सकाळी घरी येते. ओवाळीन. मग बसून बोलू.

जिंकलो. तालिबला सांगायला हवं, बंगल्यानेच काम केलं.

२९ ऑक्टोबर, पाडवा. सकाळी ६

बंगल्यापुढे रांगोळी, आकाशकंदील. शेरवानी. हेडफोनमध्ये सनई, मोठ्या आवाजात. मोबाइल सायलेंट केलाय. आजचा दिवस फक्त तिचा.

८.३०

अजून नाही.

१०.३०

सणाचा दिवस. कॅफे उशिरा उघडत असेल. पाणी प्यायलाही उठलो नाही, नेमकी तेवढ्यात यायची.

दुपारी १.१५

अजून नाही. चष्मा मिळाला आहे.

संध्याकाळी ६

दोन वाजता दूध आणायला खाली उतरलो. वॉचमन सुखदेव म्हणाला, साहेब, होता कुठे? वहिनी आठला रिक्षातून उतरल्या. हातात बॅग, ताटाची पिशवी. रात्रभर बसने आल्या म्हणे. बेल वाजवून दमल्या, मग मीही दार ठोकलं. दहापर्यंत जिन्यात बसल्या होत्या.

वर धावलो. मोबाइलवर अकरा मिस्ड कॉल.

लावला, तेव्हा ती परतीच्या बसमध्ये होती. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, कपाटात माझे शाळेचे दाखले आहेत, तेवढे पोस्टाने पाठवा. मी म्हणालो, अगं, थांब, मी सहापासून घरीच होतो, तुझीच वाट बघत होतो.

ती म्हणाली, अहो, घरी कोणी नव्हतं.

मी होतो, म्हणालो.

कुठे, असं तिने विचारलं. टोमणा नव्हता, खरंच विचारत होती. बसचा हॉर्न ऐकू येत होता. समोर स्क्रीनवर, बंगल्याच्या दारात, शेरवानी घालून मी उभा होतो.