दारावरच्या पाटीवर तुझं नाव

प्रिय दादा,

आज आई नव्या फ्लॅटवर जायला तयार झाली. इतके महिने मी तिच्या मागे लागले होते, आणि ती हो म्हणाली तेव्हा मीच बाथरूममध्ये जाऊन रडले. हे तुझ्याशिवाय कोणाला सांगू?

तू बोटीवरून समुद्रात पडलास आणि सापडलाच नाहीस. नेव्हीने तुझी ट्रंक घरी पोचवली. विहारातली मंडळी तू गेलास असं धरून पुण्यानुमोदनाचं विचारायला आली, तर आईने त्यांना चहा पाजून परत पाठवलं. मी आयटीत लागल्यावर इथेच विश्रांतवाडीत फ्लॅट घेतला, तर म्हणाली, "तो जुन्याच पत्त्यावर येणार." फ्लॅट कुलपातच राहिला.

पोहायच्या तासाला पोट दुखतंय म्हणून घरी बसणारा तू! तुला नेव्हीच बरी सुचली रे? पुण्यातल्या नोकऱ्या संपल्या होत्या का?

काल आमच्या ऑफिसात इंग्लंडहून आलेल्या पाहुण्यांना खडकीची सैनिकांची दफनभूमी बघायची होती. त्यांच्या आजोबांचा भाऊ पहिल्या महायुद्धात गेलेला. सुट्टी होती, म्हणून आईलाही सोबत नेलं. कापलेलं गवत, एकसारख्या थडग्यांच्या रांगा. पण पाहुणे तिथे थांबलेच नाहीत. पुढच्या स्मारकाच्या भिंतीवर कोरलेल्या नावांमध्ये त्यांनी एक नाव शोधलं आणि त्यावर हात ठेवून उभे राहिले.

त्यांचा माणूस कुठे पुरलाय, असं आईने विचारलं. मी त्यांना विचारून सांगितलं, की तो इथे नाही. लांब कुठेतरी आहे, तिथे आता कोणी जात नाही. इथे नुसतं नाव आहे.

आई पुढे झाली. पदराने तिने त्या नावावरची धूळ पुसली आणि तिथेच कपाळ टेकून रडायला लागली. तुझी ट्रंक आली तेव्हासुद्धा ती रडली नव्हती. पाहुणे गोंधळले.

आज सकाळी चहा गाळताना ती म्हणाली, "पोराचं पुण्यानुमोदन करून घेऊ. मग चल तुझ्या घरी."

दादा, मी तिला किती समजवायचे! आता मान्य कर, म्हणायचे. पण ती वाट बघत होती तोवर तू कुठेतरी होतास. आता कोण बघणार तुझी वाट?

नव्या दारावरच्या पाटीवर तुझं नाव सगळ्यात वर असेल, हा माझा शब्द. रोज मी ते पुसेन. आणि जुन्या घरमालकांकडे नवा पत्ता देऊन ठेवणार आहे. आईला सांगू नकोस.

तुझी,
मनी