डब्याने खाल्लेले गाऱ्हाणे

चि. गंधार यास,

दत्ताराममामाचे आशीर्वाद. इथे आम्ही दोघे ठीक, म्हणजे तुझी मामी ठीक आहे आणि मी उभा आहे. तुझ्या आईच्या गुडघ्याचे कसे काय ते तूच कळव (तिला फोनवर विचारले तर ती उलट माझ्याच गुडघ्याची चौकशी करते). पुण्यात थंडी असेल. आमच्याकडे आंब्याला मोहोर यावा एवढीही पडलेली नाही. हे सगळे मोबाईलवर कळवता आले असते, पण दमलेल्या माणसाने कागदच घ्यावा. मध्येच हात थांबला तरी समोरचा 'टायपिंग' बघत ताटकळत नाही.

तर तुझा डबा पोचला. तो मी मागितला नव्हता, हे आधी स्पष्ट करतो. तुझ्या मामीने तुला परस्पर फोन करून 'मामांना मदत होईल असे काहीतरी बनव' म्हणून सांगितले आणि तू लगेच बनवलेस. मला कसली आली आहे मदत? देवबागेत दुसऱ्याच्या हाताखाली मांडवातल्या वायरी गुंडाळण्यापासून मी सुरुवात केली. आज स्पीकर माझे, टेम्पो माझा, आणि तालुक्यात नाव आहे ते माझ्या कानांचे. स्पीकरचा आवाज माईकमध्ये शिरतो, माईक तोच पुन्हा स्पीकरला देतो, आणि दोघांच्या या देवाणघेवाणीतून जी कान फाडणारी शिटी उठते, ती उठायच्या आधीच दत्तारामाचा हात बटणावर असतो, असे लोक सांगतात. (लोक सांगतात ते मी खोडत नाही. फुकटची जाहिरात कोणी खोडू नये.)

डब्याबद्दल तू जे समजावलेस ते मला समजले ते असे. आत नखाएवढी एक चिप आहे आणि ती बंदरावर मासे निवडणाऱ्या बाईसारखी बसलेली आहे. बांगडा या टोपलीत, तारली त्या टोपलीत, कोळंबी पलीकडे; तसा आलेला आवाज ती जाड-बारीक सुरांच्या टोपल्यांत टाकते. एखादी टोपली भरली ती भरलेलीच राहिली, हलेना, की ती शिटी समजायची. ती टोपली फेकायची, उरलेल्या एकत्र करायच्या आणि आवाज स्पीकरला द्यायचा. आणि हे सगळे, बोलणाऱ्याच्या तोंडातून सुटलेला शब्द लोकांच्या कानावर पडायच्या आत! (एवढ्या वेळात मला चष्म्याची डबीसुद्धा उघडत नाही.) घरी तपासून पाहिले. मामी बोलली, मी बोललो, मामी पुन्हा बोलली, पुन्हा मामीच बोलली, डब्याने कोणालाही कापले नाही. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

आता जत्रेचे सांगतो. सातेरी देवीच्या जत्रेचा माईक कायम माझा असतो. स्वतःच्या गावात ज्याचा माईक नाही त्याला बाहेरगावी कोण बोलावणार? यंदा कणकवलीचा निलेश नावाचा कोणी रंगीत दिव्यांचे, कपाटाएवढे स्पीकर घेऊन देवस्थान समितीला भेटून गेला होता. यंदा काही बिघडले तर पुढची जत्रा त्याची, हे समितीने मला चहा पाजून अत्यंत गोड शब्दांत सांगितले. म्हणून म्हटले, तुझा डबाही लावू.

देवीपुढे गावाच्या वतीने गाऱ्हाणे घालायचा मान जयराम गावकरांचा. (लहानपणी ज्यांच्या आवाजाला घाबरून तू मामीच्या पदरात शिरला होतास, ते हेच.) गावकरांचा सूर एक. 'बा देवा म्हाराजा'ला जो लागतो तो गावातले, मुंबईला गेलेले, रोज गोव्याला नोकरीस जाणारे, अशा सगळ्यांचे भले मागून होईपर्यंत तसूभर ढळत नाही. आपल्याला ती भक्ती वाटते. चिपला ती शिटी वाटली. स्पीकरमधले गावकर आधी पातळ झाले, मग डासासारखे झाले, मग नाहीसेच झाले. टोपल्या फेकता फेकता तिने अख्खे गावकर समुद्रात टाकले. पण प्रत्येक मागण्याला माणसे देतात तो 'व्हय म्हाराजा' कसा, तुटक आणि नाना गळ्यांचा. तो तिने सन्मानाने सोडला. मी देवळात खांबाशी बसलेलो, गावकर हातभर अंतरावर, मला त्यांचा मूळ आवाजच दणकून येत होता. बाहेर खाजा-मिठाईच्या दुकानांपाशी काय ऐकू येत होते? शांतता. 'व्हय म्हाराजा!' शांतता. 'व्हय म्हाराजा!' आणि आपली माणसे एवढी भाविक, की तिथे उभे असलेलेही हात जोडून त्या शांततेला व्हय म्हणत राहिले.

गाऱ्हाणे संपले आणि बाहेरची जत्रा आत आली. शंकर मेस्त्री सगळ्यांत पुढे. "दत्ताराम, आमी व्हय म्हटला ता कशाक?" आतले म्हणाले, नेहमीचेच होते. बाहेरचे म्हणाले, नेहमीचे होते तर मग बंद कशाला केले? चहा उकळेपर्यंत अशी बातमी तयार झाली की गावकरांनी त्या शांततेत गावात व्हायचा नवा रस्ता स्वतःच्या बागेला वळसा घालून न्यायला देवासमोर गावाची संमती घेतली. बिचारे गावकर "माझो आवाज खंय गेलो रे?" म्हणून माझ्याकडे असे बघत होते, जणू मी तो खिशात घातला आहे. गाऱ्हाणे देवीला पोचले की नाही, हा आणखी वेगळा वाद. समितीचा भाई म्हणाला, "देवीक माईक लागणा नाय." शंकर म्हणाला, "मगे दत्तारामाक कित्याक बोलावतास?"

शेवटी ठरले, गाऱ्हाणे पुन्हा घालायचे. मी डबा काढून टाकला आणि म्हटले, आता दत्तारामाचे कान आहेत. गावकरांनी पुन्हा पहिल्यापासून सगळ्यांचे भले मागितले, शब्दन् शब्द बाहेर गेला, रस्ता होता तिथेच राहिला. मध्ये एकदा लोकांनी कानांवर हात ठेवले, मामी बायकांतून उठून आली, एक बटण फिरवले आणि परत जाऊन बसली. (माझ्या बटणांना हात लावायची तिला जुनी खोड आहे.) पुढच्या जत्रेची सुपारी मलाच मिळाली. डबा परत पाठवतो. हुशार आहे, पण त्याला गाऱ्हाणे कळत नाही. मी फार दमलो आहे. आईला नमस्कार सांग.

तुझा,
दत्ताराममामा

ता. क. : डबा परत पाठवत नाही. भाई संध्याकाळी एकटाच येऊन गेला. सोसायटीच्या वार्षिक सभेत चेअरमन बोलतात तेव्हा तो लावता येईल काय, असे विचारत होता. चेअरमनांचा सूरही एकच आहे.

आणखी एक. हे पत्र आईला वाचून दाखवशील तर वरच थांब. दुसऱ्या गाऱ्हाण्यात जी शिटी वाजली, ती मला वाजलीच नाही. लोकांनी कानांवर हात ठेवले तेव्हा मला वाटले, भक्तीने ठेवले. मी त्यांच्याकडे बघून हसत होतो. बारीक सूर येईनासे झाले त्याला बरेच दिवस झाले. यंदा रातकिडे कमी झाले असे मी गावभर सांगत फिरतो आणि तुझी मामी शेजारी उभी राहून मान डोलावते. तर मला एक दुसरा डबा बनव, आणि त्याला कापायला शिकवू नकोस. शिटी उठली की फक्त एक लाल दिवा लागू दे. कापायचे ते मी कापीन. तिने तो डबा का मागवला हे मला कळले आहे, हे तिला कळू देऊ नकोस. आणि दिवा अगदी लहान कर, फक्त मला दिसेल असा. पुढच्या जत्रेला ती माझ्या शेजारीच बसणार आहे. म्हणते, "थंयसून बरा दिसता."