सुटलेली रकात

बाबा, तुम्ही ज्या खोलीत आम्हाला सोडून गेलात, त्याच खोलीत मी गेल्या रविवारी चार माणसांना जमातीचे, म्हणजे रांगेत मिळून नमाज पढायचे, नियम समजावत बसलो होतो. आता तिथे फरशी झाली आहे, पंखे लागले आहेत, पण खोली तीच, सुरतेत भेस्तानच्या आपल्या गल्लीत कामगारांनी मिळून नमाजेसाठी ठेवलेली. ही माणसं गावाकडून नुकतीच मिलमध्ये लागली आहेत, आपल्यासारखीच सातपुड्याच्या पायथ्याची तडवी मुसलमान. कलमा येतो, पण रांगेत उभं राहायची सवय नाही. इमामसाहेब मला म्हणाले, यांना यांच्या भाषेत तुम्हीच सांगा. मी सांगितलं. टाचा कशा जुळवायच्या, खांद्याला खांदा लावून मधली फट कशी भरायची, इमामाच्या आधी झुकायचं नाही की डोकं उचलायचं नाही. बोलताना शब्द तुमचेच येत होते. मग त्यांच्यातल्या एकानं विचारलं, "जमात चालू हाये आन् बाजूचा मानूस पडला, तं काय करायचं?" मी म्हणालो, "नमाज तोडायची. आधी जीव. नमाज नंतर पुन्हा पढता येते." तो म्हणाला, "तुमच्यावर आली का कधी अशी येळ?" मी म्हणालो, "नाही."

तुम्हालाही हे सगळं मोठेपणीच शिकावं लागलं होतं. आपल्या गावात ईदला लोक जमायचे, पुढचा करील तसं मागचे करायचे, कुणी कुणाला टोकायचं नाही. सुरतेला आल्यावर पहिल्याच जुम्म्याला तुम्ही इमामाच्या आधी सजद्यात जमिनीला टेकलेलं डोकं उचललंत, आणि नमाज संपल्यावर शेजारच्या माणसानं सगळ्यांदेखत विचारलं, "जंगल से आए हो क्या?" ही गोष्ट तुम्ही मला एकदाच सांगितली होती, रंगखात्याच्या दाराशी उभं राहून, कोपरापर्यंत निळे झालेले हात साबणानं घासता घासता. त्यानंतर मिलमधल्या एका म्हाताऱ्या कारागिराकडून तुम्ही एकेक नियम शिकून घेतलात आणि असे पक्के झालात की पुढे त्या खोलीत रांग लावायचं काम तुमच्याकडेच आलं. नमाज सुरू करणारी तकबीर व्हायच्या आधी तुम्ही एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायचात, कुणाचा खांदा मागे सारायचात, कुणाला हाताला धरून फटीत आणायचात, आणि मग इमामाच्या बरोबर मागे उभे राहायचात. तेव्हा तुमचं तोंड असं कडक व्हायचं की घरातले आपले बाबा हेच का, असं वाटायचं.

त्या हिवाळ्यात मी एकोणीस वर्षांचा होतो आणि तुमच्याच मिलमध्ये घडीखात्यात कामाला लागलो होतो. एका सोमवारी असरला, दुपारनंतरच्या नमाजेला, मला उशीर झाला. इमाम रुकूत वाकलेला दिसला म्हणून मी गल्लीतून धावत आलो आणि धापा टाकत रांगेत घुसलो. सलाम फिरून नमाज संपल्यावर तुम्ही उठलात. "गाडी चुकून राह्यली होती का तुही?" तुम्ही म्हणालात. "जमातीले दौडत यायचं नाही. जेवढी भेटली तेवढी पढायची, सुटली ते मागून पुरी करायची. जाय, बाहेर जाय. आन् चालत ये." मला वाटलं, तुम्ही रागात बोलता आहात, सोडून द्याल. तुम्ही दाराकडे बोट करून उभेच राहिलात. पंधरा-वीस माणसं बसली होती. त्यांत माझ्या खात्यातले तिघे होते. मी बाहेर गेलो, चपला पुन्हा काढल्या आणि दारापासून रांगेपर्यंत चालत आलो. कुणीतरी हसलं. तुम्ही म्हणालात, "अस्सं." तीन दिवस मी तुमच्याशी बोललो नाही. तुम्हीही बोलला नाहीत.

चौथ्या दिवशी सकाळी तुम्ही स्वयंपाकघरात भिंतीला पाठ लावून बसला होतात आणि तळहातानं छाती चोळत होतात. आईनं ओवा आणि काळं मीठ दिलं. ती म्हणाली, "आज जाऊ नका कामावर." तुम्ही म्हणालात, "गॅस हाये, उतरंल." मी भाकरी खात होतो. तुमच्या कपाळावर थंडीतही घाम दिसत होता. तो मी पाहिला आणि भाकरी संपवून निघून गेलो.

दुपारी अजान ऐकू आली तेव्हा मी मोकळाच होतो. तरी मी लगेच उठलो नाही. चहा प्यालो. मग गल्लीतून चाललो, एकेक पाऊल मोजल्यासारखा, चालत ये म्हणालात ना, तर घ्या. मी पोचलो तेव्हा पहिली रकात झाली होती. म्हणजे उभं राहणं, रुकू, दोन सजदे, एवढा एक फेरा माझा गेला होता. मी दुसऱ्या रांगेत उभा राहिलो. पहिल्या रांगेत तुमची पाठ दिसत होती.

तिसऱ्या रकातीच्या सजद्यातून सगळे उठले. तुम्ही उठला नाहीत. आधी वाटलं, लांब सजदा करता आहात. मग तुम्ही डाव्या कुशीवर हळूच कलंडलात, शेजाऱ्याच्या पायावर. इमामाची पाठ आमच्याकडे. असरची नमाज, सगळं मनातल्या मनात, त्यामुळे खोलीत आवाज नाही. फक्त तुमचा श्वास ऐकू येत होता, आणि तो मला ओळखू येत होता. तुमच्या शेजारचा बिहारी कारागीर थोडा वेळ तसाच उभा राहिला, आणि मग रुकूच्या आधी त्यानं नमाज तोडली. खाली बसून तुमचं डोकं मांडीवर घेत तो ओरडला, "पानी लाओ कोई!" त्याचं तुमचं काही नातं नव्हतं. मी तुमचा मुलगा, दोन हातांवर. मी रुकूत गेलो.

इमामानं उरलेली नमाज घाईनं आटोपली. सलाम फिरला आणि सगळे तुमच्याकडे धावले. माझी एक रकात सुटली होती. ती पुरी करायला मी उठून उभा राहिलो. बाबा, माझ्यासमोर माणसं तुमच्या शर्टाची बटणं काढत होती, कुणी तळपाय चोळत होतं, कुणी रिक्षा आणायला पळालं होतं, आणि मी हात बांधून उभा होतो. माणसांच्या मधून तुमचा उजवा हात दिसत होता. चटईवर बोटं उघडत होती, मिटत होती. कुणीतरी माझा दंड धरून हलवलं, "अरे, बाप है तेरा!" मी सजद्यात गेलो. सलाम फिरवून उठलो तेव्हा तुम्हाला दारापर्यंत नेलं होतं आणि हात लोंबकळत होता. रिक्षात मी तुमचे पाय मांडीवर घेऊन बसलो. दवाखान्यातल्या डॉक्टरनं नाडी पाहिली आणि मान हलवली. लवकर आणलं असतं तर काय झालं असतं, हे मी त्याला विचारलं नाही. कधीच कुणाला विचारलं नाही.

दफनानंतर लोक घरी आले. त्यांतला एक जण आईला म्हणाला, "क्या पक्का लड़का है, बाप गिर गया फिर भी नमाज नहीं तोड़ी." दुसऱ्यानं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. तो बिहारी कारागीर दाराशी बसला होता. त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. तेव्हा मी म्हणू शकलो असतो की मला नियम माहीत नव्हता, वय लहान होतं, घाबरलो होतो. घाबरलो होतोच. पण नियम माहीत होता. आदल्या वर्षी मिलमध्येच तुम्ही काही जण नमाजेत असताना रंगखात्यात वाफेचा पाइप फुटला होता, एक माणूस किंचाळला होता, आणि सगळ्यांत आधी नमाज सोडून धावला होतात ते तुम्ही. घरी येऊन भाजलेल्या मनगटाला आईकडून खोबरेल लावून घेत तुम्ही मला सांगितलं होतं की जीव जात असेल तर नमाज तोडणं फर्ज आहे, न तोडणारा गुन्हेगार. मी ते ऐकलं होतं. त्या दिवशी उभा असताना ते मला आठवतही होतं. पण त्याच्याहून जोरात दुसरं काहीतरी मनात चाललं होतं. सुटली ते मागून पुरी करायची, असं सगळ्यांसमोर तुम्हीच सांगितलं होतंत ना. बघा, करतोय पुरी. एवढंच. एवढ्यासाठीच मी उभा राहिलो.

आता मी तुमच्या तेव्हाच्या वयाच्या जवळ आलो आहे. रोज जमातीला जातो. लोक मला पुढे बोलावतात, मी मागच्या रांगेत दाराजवळ उभा राहतो. त्यांना ती नम्रता वाटते.

आई थकली आहे. संध्याकाळी माझ्याजवळ बसते आणि पुन्हा तेच विचारते, "ते सजद्यातच गेले ना रे? तरास नाही झाला ना?" मी म्हणतो, "हो आई, सजद्यातच. लगेच." मग तिला झोप लागते. हे पत्र मी तिच्यासमोरच बसून लिहिलं, कारण तिला वाचता येत नाही. मघाशी तिनं विचारलं, "इतकं काय लिहून राह्यला?" मी म्हणालो, "नमाजेचे नियम लिहितोय, नव्या लोकांसाठी." ती म्हणाली, "लिही बापा. ते असते तं त्यायले लय बरं वाटलं असतं." मी लिहीत राहिलो.