थेरा बेटावरची माणसं

९ जुलै २००१, लातूर
अकरावीच्या इतिहासाला आठच मुलं. उपप्राचार्यांनी जिन्यातच गाठलं — "आठाच्या खाली गेलं की तुकडी बंद करू, सर. खोली सायन्सच्या जादा तासांना हवीय." म्हणजे मीही अतिरिक्त. त्रेचाळिसाव्या वर्षी!

११ जुलै
आज अभ्यासक्रम सोडून थेरा बेटाबद्दल बोललो. भूमध्य समुद्रातलं बेट. साडेतीन हजार वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या राखेत तिथलं एक गाव गाडलं गेलं. आधी भूकंप झाला होता. लोकांनी दगडमाती उपसली, खाटा बाहेर काढल्या, मग गाव सोडलं. घरांत एकही सांगाडा सापडलेला नाही. बोलण्याच्या भरात म्हणून गेलो — "सगळे वाचले!"

मागच्या बाकावरची महानंदा पहिल्यांदाच बोलली. "समदे, सर? लेकरंबी?"

"हो."

निलंग्याकडची पोर. त्र्याण्णवला गणपती बघायला इथं मामाकडे आली होती, म्हणून वाचली. भूकंपात घरचं कुणीच उरलं नाही.

१२ जुलै
पुस्तकं पुन्हा काढली. "सगळे वाचले" कुठंच नाही. गावाचा लहानसा भागच खणलाय. माणसं किनाऱ्याकडे पळाली असतील, तिथंच राखेखाली असतील. कुणालाच माहीत नाही — हे मला ठाऊक होतं. तरी म्हणालो!

१६ जुलै
महानंदा आता पहिल्या बाकावर बसते. त्याच गावाचं विचारते — खायचे काय, भिंतींवर चित्रं कसली. पाकोळ्यांचं चित्र सांगितलं तर चक्क हसली.

खरं सांगितलं आणि ती यायची थांबली, तर आठाचे सात. मग मी गप्प आहे तो तिच्यासाठी, की नोकरीसाठी? दोन्हींसाठी म्हणणं फारच सोयीचं.

स्टाफरूममध्ये फिजिक्सचे वऱ्हाडी रेणुकादास — "आमच्या क्लासला पोरं दाटीवाटीनं बसून राहिली, अन् तुम्ही मेलेले मोजून राहिले!" सगळे हसले. मीसुद्धा.

१९ जुलै
सांगून टाकलं. भर वर्गात. "मी चुकलो. सगळे वाचले की नाही, कुणालाच माहीत नाही." महानंदानं वही मिटली.

मला हलकं वाटलं. तेही लिहून ठेवतो — हलकं वाटलं!

घरी बायकोला, सौदामिनीला सांगितलं. भाकरी थापता थापता म्हणाली, "खरं बोललात. पण तिनं पुन्हा विचारलं होतं का?"

२१ जुलै
महानंदा आली नाही.

२३ जुलै
ती दाखला न्यायला आली. तुकडी बंद. मी विचारलं — माझ्या बोलण्यामुळं?

"न्हाई, सर. मामानं कवाच दुसऱ्या कालेजात सायन्सला अन् क्लासला नाव घातलंय. तुम्ही त्या बेटाचं सांगितलं, तवाबी ठाऊक होतं मला."

मामा गेटाशी रिक्षा थांबवून हाका मारत होते. ती वळली, थांबली.

"इथून जाताना 'समदे वाचले' तेवढंच घेऊन जाणार होते, सर. तेबी तुम्ही ठेवून घेतलं."